काजळाची मिशी

“ओ काका, बॉल द्या ना!”

ललितने आधी मागे वळून पाहिलं. मागे रस्ता मोकळाच होता. कचराकुंडीपाशी एक गाय उभी होती, पण तिला कुणी काका म्हणण्याचं काही कारण नव्हतं. मग त्याने पायाशी पाहिलं, तर तिथे चेंडू होता. वर पाहिलं, तर मैदानाच्या भिंतीवर पोट टेकून दुसरी-तिसरीतलं एक कार्टं लोंबकळत होतं आणि सरळ त्याच्याच तोंडाकडे बघत होतं. ललितने चेंडू फेकला. कार्टं संस्कारी निघालं. “थँक्यू काका,” म्हणालं आणि भिंतीपलीकडे गडप झालं. ललितचं वय चौदा, इयत्ता नववी, तुकडी ब. गेल्या वर्षापर्यंत तो स्वतः त्याच भिंतीवर तसाच लोंबकळत होता, आणि ज्यांना काका म्हणत होता ते खरोखरीचे काका असत, शिफ्ट संपवून प्रेसमधून सायकलवर घरी निघालेले, हँडलला डबा अडकवलेले, पोट सुटलेले. मधल्या एका वर्षात असं काय झालं, की आपण भिंतीच्या त्या बाजूने या बाजूला आलो, आणि आपल्याला कुणी विचारलंही नाही?

घराकडे चालताना त्याचा हात वरच्या ओठावर गेला. तिथे जे काही होतं त्याला लव म्हणावं तर दाट होतं आणि मिशी म्हणावं तर विरळ. दूध पिऊन तोंड पुसायचं राहून गेल्यासारखं ते दिसे, फक्त दूध काळं. या वर्षात त्याचं शरीर त्याला विचारेनासंच झालं होतं. दिवाळीला शिवलेल्या पँटी संक्रांतीला घोट्याच्या वर चढल्या. हात एवढे लांब झाले होते, की पेला घ्यायला जावं आणि तांब्या कलंडावा. आवाज तर भाड्याने आणल्यासारखा होता. मराठीच्या तासाला धडा वाचताना एका ओळीत तो बाईसारखा निघे, दुसऱ्या ओळीत बसच्या कंडक्टरसारखा, आणि सगळा वर्ग बाकं बडवून घेई. अंगाला वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, बनियनसारखा वास येऊ लागला होता. विज्ञानाच्या पुस्तकात यावर एक धडा होता, तो सरांनी “घरी वाचून या” म्हणून सोडून दिला होता. ललितने तो घरी वाचला. त्यात मुलींवर दीड पान होतं आणि मुलांवर अडीच ओळी, आणि छातीतल्या गाठीबद्दल त्या अडीच ओळींत काहीच नव्हतं.

ती गाठ हे त्याचं सगळ्यात मोठं गुपित होतं. छातीच्या उजव्या बाजूला, सुपारीएवढी. शर्ट जरा जोरात घासला तरी डोळ्यांत पाणी येई. नानांच्या पित्ताशयात खडे निघाले, तेव्हा डॉक्टरांनी सोनोग्राफीचा काळा-पांढरा फोटो उजेडाला धरून ते दाखवले होते, आणि ललितचा हात आपल्या छातीकडे गेला होता. म्हणजे हे घराण्यातच आहे तर. बापाला पोटात, मुलाला छातीत. पण घरात आधीच एक खडेवाला असताना दुसऱ्याने तोंड उघडायचं कसं? नाना दिवाळीपासून रात्री उठून बसत, घामाने भिजत, आणि सकाळी काही झालंच नाही अशा थाटात मिशीला तेल लावून कामावर जात. आता ते ऑपरेशन उद्यावर आलं होतं. द्वारका चौकाजवळच्या हॉस्पिटलात आई त्यांना दुपारीच घेऊन गेली होती. पोट उघडावं लागेल, आठवडाभर राहावं लागेल, पण घाबरण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मोठी माणसं हे वाक्य कधी बोलतात ते ललितला आता कळू लागलं होतं. सटाण्याहून चिमणाबाई आत्या यायची होती, तिच्यासाठी तो घरी थांबला होता.

कुलूप काढून तो आत आला, तेव्हा घरात कुणी नव्हतं, आणि हे फार दिवसांनी घडत होतं. न्हाणीच्या खिडकीत नानांचं सामान होतं: रेझर, ब्रश, फुटक्या दांडीचा आरसा. त्याने विचार असा काही केला नाही. विचार केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं, पण मग तो चौदा वर्षांचा कशाला म्हणायचा? अंगाचाच साबण ओठावर फासला, श्वास रोखला आणि खालून वर असा रेझर ओढला. तीन-चार फटकाऱ्यांत खेळ आटोपला. एका जागी रक्त आलं, तिथे त्याने वर्तमानपत्राचा कपटा चिकटवला. जानेवारीतली नाशिकची संध्याकाळ, खिडकीतून आलेलं वारं त्या उघड्या कातडीला लागलं आणि तो शहारला. इतकी वर्षं हा ओठ आपल्याच तोंडावर होता, पण त्याला गारठा लागतो हे आजच कळलं. आरशात पाहिलं, तर पुन्हा सातवीतला ललित दिसेल असं त्याला वाटलं होतं. तो दिसला नाही. ओठावर एक फिकट पांढरा पट्टा होता, बाकी तोंड सावळं, आणि मधलं नाक पूर्वीपेक्षा मोठं. हे तोंड आपण कुठेतरी पाहिलंय, असं त्याला वाटत राहिलं. कुठे ते आठवेना. आठवायची फार इच्छाही होईना.

“दार उघड रे, मी शे, आत्या!”

चिमणाबाई आत्या नानांपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यामुळे नानांना तिनेच वाढवलं, असं घरात सगळे म्हणत, आणि ती स्वतः कधीच म्हणत नसे. एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्या हातात कळण्याच्या भाकरींचं गाठोडं. पिशवी खाली ठेवून तिने नेहमीसारखा दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला. तिच्या हातांना कांद्याचा वास असे, कितीही धुतले तरी. बोटं गालावरून फिरली आणि अंगठा वरच्या ओठावर येऊन थांबला. तिथेच राहिला.

“हाई काय करं रे, पोऱ्या?”

“काही नाही. जरा साफ केलं.”

“तुना बाप जित्ता शे ना!” आत्याचा आवाज एकदम बारीक झाला. ओरडली असती तर बरं, असं ललितला वाटलं. “मिशी कोन काढस, माहीत शे का तुले? ज्याना बाप मरस, तो काढस.”

“आत्या, आमच्या वर्गात सगळेच करतात.”

“सगळासना बाप सकाय टेबलवर शेतस का?”

आत्या भिंतीला टेकून मटकन खाली बसली. आणि त्याच क्षणी त्याला ते तोंड आठवलं, न्हाणीतल्या आरशात पाहिलेलं. तो पहिलीत असेल. सटाण्याला आजोबा गेले होते. कारभारी आजोबा. बायका ओसरीत रडत होत्या आणि बाप्ये आरम नदीच्या काठाला गेले होते. बऱ्याच वेळाने ते परत आले आणि त्यांच्यातला एक टकल्या माणूस त्याच्यापुढे उकिडवा बसला. “ललित, ये,” म्हणाला. आवाज नानांचा होता. पण डोक्यावर केस नव्हते, आणि ओठावर, जिथे नानांची काळीभोर मिशी असायची, तिथे एक ओला पांढरा पट्टा होता, कधी ऊन न लागलेला. ललितने अशी किंकाळी फोडली होती, की बायकांचं रडणं थांबलं. तो आत्याच्या लुगड्यात शिरला आणि पुढे कित्येक दिवस त्या माणसाजवळ गेला नाही. त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं, की खरे नाना आजोबांबरोबर नदीवरच राहिले आणि घरी हा दुसराच कुणीतरी आलाय. मग हळूहळू मिशी आली. मिशीमागून नाना आले. एके दिवशी सकाळी त्याने डोळे उघडले तर नानाच शेजारी होते, आणि तो काही न बोलता त्यांच्या पोटावर जाऊन झोपला. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं? पण आता ते सगळं तोंड वर काढून उभं राहिलं. आजोबा गेले म्हणून नानांचा ओठ उघडा झाला. आज माझा उघडा झाला. मी आधीच उघडा करून ठेवला. जागा रिकामी व्हायच्या आधीच मी तयारी करून बसलो, असाच याचा अर्थ कुणीही लावेल.

वरून बघणाराही तसाच अर्थ लावणार, हे आत्याचं म्हणणं. ती ते फार साधेपणाने म्हणाली. वरच्याला घरोघरच्या भानगडी कुठे माहीत असतात? तो खाली बघतो. पोराचं तोंड बोडकं दिसलं की बाप संपलेला धरतो, आणि हिशेब चुकला म्हणून नंतर तो दुरुस्त करत बसत नाही. ललित म्हणाला, हे सगळं खोटं असतं, केस म्हणजे नुसत्या मेलेल्या पेशी. आत्या म्हणाली, “व्हई ना. खोटंच व्हई.” पण तिने भाकरी खाल्ली नाही. आणि ललितनेही, विज्ञानाचा एवढा कैवारी असून, दोनच घास खाल्ले. भीतीची मोठी गंमत असते. तिच्यावर विश्वास नसला तरी तिचं काही अडत नाही.

अंथरुणं टाकताना आत्याने त्याच्या अंगावर गोधडी घातली आणि सवयीने छातीवर थोपटलं. ललित कळवळला. तिने विचारलं, काय झालं? तो नको नको म्हणत राहिला, आणि मग एकाएकी, संध्याकाळपासून साचलेलं सगळंच फुटलं आणि तो बोलून गेला, की मलाही खडा झालाय, नानांसारखा, इथे, दिवाळीपासून, आणि आईला सांगू नको. फुटका आवाज त्यात आणखी फुटला. आत्याने दोन बोटांनी शर्टावरूनच चाचपलं. मग ती हसली. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच हसली, पदर तोंडात धरून, खांदे हलेपर्यंत.

“धनालेबी व्हयनी व्हती,” ती म्हणाली. “अशीच. याच बाजूले. आपोआप जास.”

नानांना? ललित उठूनच बसला. मग आत्याने सांगितलं. तिचा धना असाच ताडमाड वाढला होता, सदऱ्याच्या बाह्या कोपरावर आलेल्या. आवाज बकरीगत झालेला, म्हणून दिवसचे दिवस तो बोलायचाच नाही. एकदा दुपारी ती कांद्याच्या ढिगापाशी बसली होती, तर हा शर्ट उघडा टाकून रडत आला. “आक्का, मी मरी जासू,” म्हणाला. तिचंही वय तेव्हा काय होतं? तिला तरी काय ठाऊक? आई असती तर तिला विचारलं असतं. ती घाबरून शेजारच्या चांगुणाकडे पळाली. चांगुणाला सहा मुलगे. ती आधी पोटभर हसली आणि मग म्हणाली, पोर वाढतंय गं, मरत नाही. सहाच्या सहांना झालं होतं, कुणाला एका बाजूला, कुणाला दोन्ही. आत्या हे सांगत होती आणि ललित अंधारात नानांना चौदा वर्षांचं करून बघत होता. ते काही जमेना. नाना म्हणजे मिशीसकट जन्माला आलेले. पण ती सुपारीएवढी गाठ त्याच्या बोटाखाली होती, आणि तशीच एक त्यांच्याही छातीत कधीतरी होती, आणि तेही रडले होते. त्याला नानांचा इतका लळा याआधी कधी वाटला नव्हता, आणि म्हणूनच भीती दुप्पट झाली. ज्याच्यासारखं आपण होत चाललोय, तोच उद्या उरला नाही तर?

सकाळी आत्याने त्याला दारात, उजेडाकडे तोंड करून बसवलं. आधी तिने तवा पालथा घालून पाहिला होता. पण गॅसवरच्या तव्याला काजळी कुठली? मग आईच्या कपाटातून काजळाची डबी आणली. “आठे बठ,” म्हणाली आणि करंगळीने त्याच्या ओठावर मिशी काढायला घेतली. ललितने मान मागे घेतली, तर तिने हनुवटी पकडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे मिशी एका बाजूला जरा वरच गेली. “धना टेबलवरून उतरस तवलोंग. मंग पुस. हात लावजो नको.” काल काळं दूध पुसून टाकावं म्हणून ज्याने एवढा उपद्व्याप केला, त्याच्या तोंडावर आज तमाशातल्या सरदाराची मिशी आली. देवाला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणेल? ललितला ओरडावंसं वाटलं, पळून जावंसं वाटलं. पण तो हनुवटी तिच्या हातात देऊन बसून राहिला. त्याचा यावर विश्वास नव्हता. पण नको म्हणायचं धाडसही त्याला होईना.

नाशिक रोडहून द्वारकेची सिटी बस भरलेली होती. आत्याला बसायला जागा मिळाली, ललित दांडीला धरून, तोंडावर रुमाल दाबून उभा. रुमालही ओठाला लागू न देता धरायचा होता, त्यामुळे आपण शिंक येण्याची वाट बघतोय असं लोकांना वाटत असणार. एका वळणावर बसने हेलकावा खाल्ला, दोन्ही हात दांडीवर गेले आणि समोर पल्लवी बसली होती. अ तुकडीतली पल्लवी. शेजारी तिची आई खिडकीला डोकं टेकून पेंगत होती. पल्लवीने त्याच्याकडे पाहिलं. तोंडाकडे पाहिलं. ललितच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“गॅदरिंगमध्ये आहेस का?” तिने विचारलं. बोलताना तिने स्वतःच्या तोंडापुढे हात धरला होता.

“हो,” तो म्हणाला. “मावळा.”

“इतक्या सकाळी? आणि प्रॅक्टिस तर शाळेत असते.”

आता आणखी एक थाप मारावी, असं त्याच्या मनात आलं, आणि तो एकदम थकला. एवढं सगळं तोंडावर वागवायचं आणि वर थापाही मारायच्या. “वडिलांचं ऑपरेशन आहे,” तो म्हणाला. “आत्याने काढलीये. माझी मी काल चुकून काढून टाकली, म्हणून.” हे वाक्य कुणालाही कळण्यासारखं नव्हतं. पल्लवी हसेल म्हणून तो वाट बघत राहिला. ती हसली नाही. तिने तोंडापुढचा हात बाजूला केला, तेव्हा त्याला दिसलं, की तिच्या दातांना तार आहे, वर आणि खाली, चकचकीत. “मी तार आवळून घ्यायला चाललेय,” ती म्हणाली. “दोन दिवस भात खावा लागतो नुसता.” द्वारकेच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत बस अडकली, तेव्हा ती हळूच म्हणाली, “डावीकडे पुसट झालीये. थांब.” आणि पर्समधला बोटभर आरसा काढून तिने त्याच्यासमोर धरला, दुसरीकडे बघत. ललितने करंगळीने उजवीकडचं काजळ थोडं डावीकडे ओढलं. उतरताना त्याला जाणवलं, की एवढ्या वेळात आपला आवाज एकदाही फाटला नाही, किंवा फाटला असेल तर तिकडे आपलं लक्ष नव्हतं.

त्या ट्रकांनी घात केला. ते पोचले तेव्हा नानांना आत नेलेलं होतं. आई बाकावर बसली होती, हातात त्यांचं घड्याळ आणि गळ्यातली साखळी. तिने ललितच्या तोंडाकडे पाहिलं, मग आत्याच्या तोंडाकडे, आणि जी बाई शिकून दहावी झाली होती, बचत गटात हिशेब सांभाळत होती, तिनेही बाकावर सरकून जागा करून दिली. “तुझी वाट बघत होते ते,” एवढंच म्हणाली. ललितला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं. येता-जाता नर्स बघत होत्या. एक म्हातारा पेशंट सलाइनची बाटली सांभाळत, चांगला थांबून बघून गेला. आतल्या दाराच्या काचेवर पांढरा रंग फासलेला होता आणि त्यामागे काय चाललंय ते दिसत नव्हतं.

बराच वेळ गेला. सांगितलेल्या वेळेच्या पुढे वेळ गेली आणि आईने विचारायचं सोडून दिलं. ललित उठून संडासाकडे गेला. तिथे बेसिन होतं, वर आरसा, आणि बाजूला कुणीतरी ठेवलेला साबण. बंद खोलीत घाम आला होता आणि मिशीचा एक ओघळ ओठावर उतरला होता. त्याने नळ सोडला. ओंजळीत पाणी घेतलं. आता हे पुसून टाकायला कितीसा वेळ लागला असता? कुणी बघत नव्हतं. वरचा, असलाच, तर संडासात कशाला डोकावेल? आणि पुसलं म्हणून आत काही होणार नव्हतं, हे त्याला पुस्तकासकट पाठ होतं. पण पाणी बोटांमधून गळून गेलं आणि तो तसाच उभा राहिला. आरशातलं ध्यान भलतंच विद्रूप होतं. त्याची त्याला लाज वाटली आणि लाज वाटत असतानाच कळलं, की ही लाज आपण नानांसाठी सोसतोय. काल रेझर उचलताना आपण एकटेच होतो, दुसऱ्या कुणाचा विचारही मनात नव्हता. आज एवढं तरी करावं. त्याला नाना हवे होते. मिशी राहो न राहो, लोक हसोत न हसोत, नाना हवे होते. “नाना,” तो आरशाकडे बघून म्हणाला, आणि ते इतक्या खालच्या, जाड आवाजात निघालं, की त्याला वाटलं मागून दुसरं कुणी बोललं. त्याने नळ बंद केला.

बाहेर आला तेव्हा डॉक्टर आईशी बोलत होते. बाटलीत खडे होते, हरभऱ्याएवढे, आणि डॉक्टर ते खुळखुळ वाजवून दाखवत होते. सूज जास्त होती, म्हणून वेळ लागला. सगळं नीट झालं. आत्याने भुईला हात लावून कपाळाला लावला. आई बाकावर बसली आणि मघापासून हातात धरलेलं घड्याळ तिने स्वतःच्याच मनगटावर बांधलं. ललितला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्याच्या तोंडून घोड्याच्या खिंकाळण्यासारखं काहीतरी निघालं.

नाना नीट शुद्धीवर आले ते उन्हं कलल्यावर. एकेकाला आत सोडतो, असं नर्स म्हणाली होती, पण आत्या कुणाचं ऐकणारी नव्हती. ती ललितच्या मागोमाग शिरलीच. खाटेवर नाना लहान दिसत होते. गालांवर दोन दिवसांची खुंटं, नाकात नळी, आणि त्याखाली मिशी, विस्कटलेली, एक बाजू वर गेलेली. त्यांनी डोळे उघडले, बराच वेळ ललितकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

“हे काय?” ते म्हणाले. आवाज खरवडल्यासारखा येत होता.

नानांनी हात उचलला, सुई टोचलेला, आणि अंगठ्याने त्याचा वरचा ओठ पुसला. अंगठा काळा झाला. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, मग त्या फिकट पट्ट्याकडे, मग बहिणीकडे, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं असावं. कारण ते हसायला लागले आणि लगेच टाके दुखून “आई गं” म्हणून थांबले.

“पुसू नको रे धना,” आत्या घाईने म्हणाली. “अजून आठ दिन तरी...”

“मी जित्ता शे, आक्का,” नाना म्हणाले. “मी सांगस ना. काढू दे त्याले.”

पदराचं टोक खाटेजवळच्या तांब्यात बुडवून आत्या पुढे झाली आणि उरलेलं काजळ तिने स्वतःच पुसून काढलं, भांडं घासावं तसं, जोर लावून, रडत.

“वाक खाली,” नाना ललितला म्हणाले. तो वाकला. त्यांनी त्याच्या हनुवटीला धरून तोंड उजेडाकडे वळवलं, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. “कापलंस. खालून वर ओढलंस ना? केस जिकडे वाढतात तिकडेच ओढायचं. ओठावर खाली. गळ्याशी कधी आडवे वाढतात, कधी वर. प्रत्येकाचं निराळं असतं.” मध्येच ते दम खायला थांबले. “आधी बोट फिरवून बघायचं. कोरड्या हाताने. आणि ब्लेड नवं घ्यायचं, माझं नाही. घरी आलो की दाखवतो.”

“हो, नाना.”

“कढत पाणी...” ते म्हणाले, आणि वाक्य अर्ध्यावर ठेवून त्यांचा डोळा लागला. बोटं त्याच्या हनुवटीवरच राहिली, सैल आणि उबदार. ललितला त्यांचा श्वास ऐकू येत होता, जरा घोगरा, पण सारखा. कालपासून छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं. आपण वाढतोय म्हणून नानांना कुठे जावं लागत नाही. त्यांचं ते राहून आपल्याला वाढता येतं. तो तसाच वाकून राहिला. आत्याने स्टूल पुढे सरकवलं, नर्सने बाहेर चला म्हणून खूण केली, पाठीला रग लागली, तरी ती बोटं आपणहून सुटेपर्यंत त्याने मान हलवली नाही.